मागच्या खोलीचं एक्स्चेंज

अंघोळ करून टॉवेल गुंडाळून बाहेर पडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात तरी कोणाची परवानगी लागू नये, असं डायलटोनरावांचं स्पष्ट मत होतं. पण त्या सकाळी ते तसे बाहेर पडले तेव्हा पॅसेजमध्ये त्यांची बायको स्टुलावर बसून, समोर चपलांच्या कपाटावर लॅपटॉप ठेवून, ठिकठिकाणच्या चौदा बायकांना मोज्याची टाच कशी विणायची ते शिकवत होती. डायलटोनराव अंग चोरून, भिंत घासत तिच्या मागून सरकले. तेवढ्यात लॅपटॉपमधून आवाज आला, "मावशी, मागून कोणीतरी गेलं हो!"

मावशी मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "काही नाही, घरातलेच आहेत. तुम्ही टाके मोजा."

घरातलेच! टेलिफोन खात्यात उभी हयात घालवलेल्या, अख्ख्या एक्स्चेंजची देखभाल ज्याच्या मनगटावर चालली अशा माणसाची ओळख 'घरातलेच', आणि तीही टाक्यांच्या आधी उरकून टाकलेली. कपडे करता करता डायलटोनरावांचा निश्चय झाला. हा वर्ग पॅसेजमधून हलवायचा.

डायलटोन हे नाव त्यांना खात्यातल्या सहकाऱ्यांनी दिलं होतं. हे एकदा बोलायला लागले की एकाच पट्टीत बोलत राहतात, मध्ये कोणीतरी नंबर फिरवल्याशिवाय थांबत नाहीत, असा त्यामागे खवचट हेतू होता. त्यांनी तो गौरव समजून स्वीकारला. निवृत्त होताना लोक घड्याळ घेतात, शाल घेतात. यांनी टेलिफोनच्या तारेचं एक मोठं भेंडोळं मागून घेतलं. "कधीतरी लागेल," असं म्हणून ते माळ्यावर टाकलं आणि तेव्हापासून ते कधीतरी उगवण्याची वाट बघत होते.

वर्ग पॅसेजमध्ये भरायचं कारण एकच. राउटर बाहेरच्या खोलीत दाराजवळ होता आणि त्याचं वायफाय पॅसेजच्या टोकापर्यंत येऊन दम टाकायचं. बाहेरच्या खोलीत बसावं तर खाली बस थांबायची आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढायचा नाही. मागची खोली शांत, मोठ्या खिडकीची. तिथल्या उजेडात लोकरीचा रंग जसाच्या तसा दिसायचा. पॅसेजमधल्या पिवळ्या दिव्याखाली लाल आणि तपकिरी सारखेच दिसत. एका विद्यार्थिनीने त्यापायी आपल्या नातवाला एक मोजा लाल आणि एक तपकिरी असे घातले. दुसऱ्या एकीचं चित्र गोठलं, मावशींचा हात एकाच टाक्यावर थांबलेला तिला दिसत राहिला, आणि ती बिचारी तोच टाका घालत बसली. तिच्या मोज्याचा मफलर झाला.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण येत्या शनिवारी दुपारी लोकरीच्या एका मोठ्या दुकानाच्या मालकीणबाई वर्गाला येऊन बसणार होत्या. वर्ग आवडला तर त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठीचा कायमचा वर्ग मावशींना मिळणार होता. मावशींनी आयुष्यभर घर चालवलं, मुलगी वाढवली, सासूचं आजारपण काढलं, आणि या सगळ्याला कोणी काम म्हटलं नाही. हे त्यांचं पहिलं काम. त्या तसं बोलून दाखवत नव्हत्या. पण भाजी चिरता चिरता मध्येच थांबून "त्या बाईंना रंग कळायला हवेत हो," असं म्हणत, आणि ते ऐकलं की डायलटोनरावांना जेवण जात नसे.

मुलगी लग्न होऊन जाताना तिचा जुना राउटर घरात ठेवून गेली होती. डायलटोनरावांनी तिला फोन लावला.

"बाबा, मी रविवारी येते आणि जोडून देते," मुलगी म्हणाली. "तोपर्यंत प्लीज हात लावू नका."

"शनिवारी आईचा वर्ग आहे."

"मग एक शनिवार पॅसेजमधून होऊ दे. पण हात लावू नका, बाबा. तुमच्या वेळचं वेगळं होतं."

इथे सगळं बिघडलं. एकवेळ 'राहू दे' म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. पण हात लावू नका? ज्या हातांनी भर पुरात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून केबल जोडली, त्या हातांना? डायलटोनरावांनी फोन ठेवला, शिडी लावली आणि माळ्यावरून भेंडोळं खाली काढलं. त्याबरोबर बरीच वर्षं साठलेली धूळही खाली आली आणि मावशींच्या वाळत घातलेल्या लोकरीवर बसली, पण क्रांतीत एवढं चालायचंच.

आधी रीतसर चौकशी करावी म्हणून त्यांनी नेट कंपनीला फोन केला. तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक यंत्र त्यांना पुन्हा पुन्हा सांगत राहिलं. शेवटी फोनवर माणूस आला.

"दुसरा राउटर आमच्याकडून घेतला नसेल तर त्याची जबाबदारी आमची नाही."

"जबाबदारी देतोय कुठे तुम्हाला? माहिती विचारतोय."

"माहितीसाठी एक दाबा," असं म्हणून त्या माणसाने त्यांना परत यंत्राच्या हवाली केलं.

मग डायलटोनरावांनी स्वतःच्या अकलेने चालायचं ठरवलं. खात्यात शिकवलेला पहिला नियम त्यांना झोपेतून उठवलं तरी पाठ होता. घरात दुसरा फोन हवा असेल तर तो पहिल्या फोनवरून काढायचा नाही. तार सरळ मुख्य डब्यावरून आणायची. मुख्य डबा म्हणजे जिन्यातला कंपनीचा करडा डबा. त्याचं झाकण कित्येक महिने एका बिजागरीवर लोंबत होतं. तक्रारी करून सगळे थकले होते. आत इमारतीतल्या सगळ्या घरांच्या तारा येऊन बसल्या होत्या आणि काही भोकं मोकळी होती. डायलटोनरावांनी डोकावून पाहिलं आणि जुना मित्र भेटल्यासारखे हसले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे ऑडिटर वर आले. जिन्यात कोणी शिडी लावली की त्यांना खाली बसवत नसे.

"काय काढलंत?"

"दुसरा राउटर."

"तार कसली?"

"टेलिफोनची."

"राउटरच्या तारेत आठ धागे असतात. तुमच्या तारेत चार दिसतात. उरलेल्या चारांचं काय?"

"ते राखीव," डायलटोनराव म्हणाले. खात्यात काही धागे नेहमी राखीव ठेवत, हे खरंच होतं. ऑडिटरना 'राखीव' हा शब्द आवडला आणि ते शिडीच्या पायरीवर ठाण मांडून बसले.

जिन्याची भिंत सामाईक, म्हणून अध्यक्षबाईंची परवानगी हवी. इमारतीच्या अध्यक्षबाई एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि इमारतीकडेही त्याच नजरेने बघत. तार फक्त तुमच्याच दारावरून वीतभर जाणार ना, असं त्यांनी डायलटोनरावांना तीनदा विचारून घेतलं आणि एकच अट घातली. भिंतीची पट्टी तपकिरी आहे, तार पांढरी चालणार नाही. डायलटोनरावांनी दाराचा उरलेला तपकिरी रंग काढून तार रंगवली. ती वाळायच्या आत अध्यक्षबाई पाहणीला आल्या, तारेला बोट लावून 'छान' म्हणाल्या आणि तेच बोट विचारमग्न होऊन हनुवटीला लावून निघून गेल्या. दिवसभर त्यांच्या हनुवटीवर तपकिरी ठिपका होता. त्यांना सांगायची कोणाची हिंमत झाली नाही.

आता भिंतीला भोक. वर्गाच्या वेळी दार बंद हवं, म्हणजे तार भिंतीतून आत गेली पाहिजे. शेजारचे दातांचे डॉक्टर ड्रिल घेऊन आले. म्हणाले, "भोक पाडण्यात मला कोणी शिकवू नये." डायलटोनरावांनी माप खोलीच्या आतून घेतलं होतं आणि ड्रिल बाहेरून लावलं. आतली डावी बाजू बाहेरून उजवी होते, हा हिशोब मात्र दोघांच्याही लक्षात आला नाही. डॉक्टर सवयीने "आता थोडं दुखेल" असं म्हणाले, भिंतीतून पीठ गळलं, ड्रिल पलीकडे निघालं. मागच्या खोलीत कुठेच भोक दिसेना. शेवटी डॉक्टरांच्या बायकोची पलीकडून हाक ऐकू आली. ड्रिल त्यांच्याच कपाटाच्या पाठीतून घुसून डॉक्टरांच्या लग्नाच्या कोटाच्या खिशात उतरलं होतं.

डॉक्टर खिलाडू वृत्तीचे. त्यांनी दवाखान्यातून दात भरायचं सिमेंट आणून भिंत भरली. "वीस वर्षं हलणार नाही," म्हणाले. "पण उद्यापर्यंत भिंतीला घट्ट चावायला लावू नका." दुसरं भोक बरोबर जागी पडलं.

आता फक्त तार राउटरमध्ये घालायची होती. राउटरच्या पाठीला एक निळं भोक बाजूला एकटं होतं आणि चार पिवळी भोकं ओळीने होती. डायलटोनरावांचा हात निळ्याकडे गेला, तसे ऑडिटर खाकरले.

"माझ्या अनुभवाने सांगतो. चार नोंदी एकसारख्या असल्या आणि एक वेगळी असली, तर घोटाळा त्या वेगळीत असतो. पिवळ्यात घाला."

युक्तिवाद बिनतोड होता. तार पिवळ्यात गेली. धाग्यांच्या जोड्या बदलून बदलून पाहता पाहता दुपार सरली आणि अखेर त्या पिवळ्या भोकावरचा हिरवा दिवा लागला. डायलटोनरावांनी फोनवर राउटरला नाव दिलं, 'मागची खोली'. नवं नाव फोनवर झळकलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. नेट मात्र येईना.

"येईल," डॉक्टर म्हणाले. "बधिर व्हायला वेळ लागतो."

संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीत नेट आलं नाहीच, उलट बाहेरच्या खोलीतलंही गेलं. मग ऑडिटरांचं गेलं. डॉक्टरांचं गेलं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी जिन्यात ओरडलं. अध्यक्षबाई आपला ठिपका घेऊन खाली आल्या. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आणि इमारतीत एकाही घरात नेट नव्हतं. मावशी पॅसेजमधल्या स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पडद्यावर नुसतं एक गोल चक्र फिरत होतं. त्या लोकरीचा गुंडा उलगडून परत गुंडाळत राहिल्या.

ते पाहून डायलटोनरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ऐन शनिवारच्या तोंडावर कंपनीने असा दगा द्यावा? त्यांनी जिन्यातच सभा घेतली. महिनोन्‌महिने झाकण लोंबतंय, फोन लावला तर यंत्र बोलतंय, आणि आता हे! "जाब विचारला पाहिजे!" ते कडाडले. लोक चपला घालून तयारच होते. मोर्चा निघाला. पुढे डायलटोनराव, मागे अध्यक्षबाई, ऑडिटर, डॉक्टर आणि वरचे दोन मजले.

कंपनीच्या कचेरीत काउंटरवर एक शांत बाई बसल्या होत्या. डायलटोनरावांनी एकाच पट्टीत सुरुवात केली ती थांबेनात. खात्याची परंपरा, ग्राहकाचा हक्क, पूर, केबल, सगळं आलं. बाई ऐकता ऐकता कळफलकावर काहीतरी बडवत होत्या. मग त्यांनी मान वर केली.

"आमच्याकडून लाइन सुरू आहे. तुमच्याच इमारतीत काहीतरी बसवलंय कोणीतरी."

"म्हणजे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"प्रत्येक घराचा राउटर डब्यातून विचारतो, माझा पत्ता काय? उत्तर आम्ही द्यायचं असतं. पण तुमच्या डब्यात कोणीतरी दुसरा राउटर उलटा जोडलाय. तोच सगळ्यांना आपले पत्ते वाटत सुटलाय. जवळ असल्यामुळे त्याचं उत्तर आमच्या आधी पोहोचतं. मग सगळी घरं नेटसाठी त्याच्याकडे जातात, आणि त्याच्याकडे नेटच नाही." त्यांनी पडद्याकडे वाकून पाहिलं. "नाव दिसतंय त्याचं. 'मागची खोली'."

मागे सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"कोणाची मागची खोली?" वरच्या मजल्यावरच्या कोणीतरी विचारलं. ऑडिटर छताकडे बघू लागले. डॉक्टरांनी आपल्या बुटांचं निरीक्षण सुरू केलं.

गप्प राहणं सोपं होतं. रात्री तार हळूच काढली असती तर कोणाला कळलंही नसतं. डायलटोनरावांना ते सुचलं, नाही असं नाही. पण ज्या मोर्चाच्या पुढे आपण उभे आहोत त्याला पाठ दाखवणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

"माझी," ते म्हणाले. मागे कुजबुज उठली. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि काउंटरवर हात ठेवला. "चूक माझी. पण आता मला एक सांगा, बाई. माझ्या मुलीचा टाकून दिलेला राउटर मागच्या खोलीत बसून अख्ख्या इमारतीचा कारभार हातात घेतो, आणि तुमची एवढी मोठी कंपनी बघत बसते? मी एक्स्चेंजला होतो. एका घरात कोणी फोन उचलला म्हणून गल्लीचे फोन बंद पडले असते तर साहेबाने मला घरी बसवलं असतं. तुमच्या डब्याला झाकण नाही, कुलूप नाही, आत कोणीही हात घालावा. आज मी घातला. उद्या मांजर घालेल!"

"अशाने तुमचं कनेक्शन कापावं लागेल," बाई म्हणाल्या, पण पहिल्याइतक्या शांतपणे नाही.

आता गंमत अशी की इमारतीतले लोक भांडायच्या तयारीने, एवढी वाट तुडवून आले होते. आयतं भांडण हातचं जातंय असं दिसल्यावर ते डायलटोनरावांवर सहज उलटले असते. पण अध्यक्षबाई पुढे झाल्या.

"कापायचं तर सगळ्यांचं कापा," त्या म्हणाल्या. "तार माझ्या परवानगीने गेली आहे. रंगही मीच पास केलाय. झाकणाबद्दल मात्र मी तुम्हाला किती वेळा कळवलं, ते आधी काढा."

"पिवळ्यात घाला हे मी सांगितलं," ऑडिटर पुटपुटले. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली कबुली असावी.

बाईंनी एक सुस्कारा टाकला. सोमवारी इंजिनीअर येऊन झाकण लावून जाईल, तोपर्यंत त्या दुसऱ्या राउटरला कोणी हात लावायचा नाही, एवढ्यावर मिटलं.

परतीच्या वाटेवर सगळे आपापल्या शौर्याचं वर्णन करत चालले होते. डायलटोनराव मागे पडले होते. त्यांचे ओठ हलत होते. पत्ते वाटतो. विचारलं की उत्तर देतो. घरंच्या घरं त्याच्याकडे जातात. अरे, मग हा फोन नाहीच! हे तर एक्स्चेंज आहे! आपण एका इमारतीत दोन एक्स्चेंज एकमेकांसमोर उभी केली आणि दोन्ही म्हणाली मीच मुख्य. छोट्या एक्स्चेंजला मोठ्याच्या हाताखाली बसवायचं असतं, आणि त्यासाठी त्याला एक वेगळी ट्रंक लाइन असते. एकटी. बाजूला. निळी!

रस्त्याच्या मधोमध उभं राहून डायलटोनराव स्वतःशी हसले. ऑडिटरनी घाबरून त्यांचा दंड धरला.

जिन्यातली तार त्यांनी सगळ्यांसमोर काढली. घराघरांत राउटर बंद करून चालू झाले आणि नेट परतलं. सोमवारपर्यंत हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. डायलटोनरावांनी मान डोलावली. शनिवारी सकाळी उठल्या उठल्या त्यांनी हात लावला.

तपकिरी तार आता जिन्यात गेलीच नाही. बाहेरच्या खोलीतल्या पहिल्या राउटरच्या पिवळ्या भोकातून ती निघाली, पॅसेजमधून, दुसऱ्या, खऱ्या भोकातून मागच्या खोलीत शिरली आणि निळ्यात बसली. डायलटोनराव श्वास रोखून उभे राहिले. दिवा लागला. लॅपटॉपवरचं चक्र फिरायचं थांबलं आणि चित्र उघडलं. त्याच वेळी मुलीचा फोन आला.

"बाबा, हात नाही ना लावलात?"

"लावला," डायलटोनराव म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी मावशींनी खिडकीखाली टेबल ओढलं, लोकरीचे गुंडे रंगवार मांडले आणि लॅपटॉप उघडला. डायलटोनराव कौतुकाने दारात उभे होते.

"अहो, वर्ग आहे. बाहेर थांबा," असं म्हणून मावशींनी दार त्यांच्या तोंडावर लावून घेतलं.

डायलटोनराव पॅसेजमधल्या स्टुलावर येऊन बसले. पायाशी तारेचा चिकटपट्टीने बांधलेला सांधा होता, त्यावर कोणाचा पाय पडू नये म्हणून. ऑडिटर सांध्याला दुसरी चिकटपट्टी सुचवायला वर आले. "हात लावून बघाच," डायलटोनराव खालच्या आवाजात म्हणाले, आणि ऑडिटर आल्या पावली खाली गेले. दारामागून मावशींचा आवाज येत होता, न तुटणारा, न गोठणारा. एकदा सगळ्या हसल्या. डायलटोनरावांना कारण कळलं नाही, तरी तेही हसले.

दार उघडलं तेव्हा मावशींचे डोळे चमकत होते. "घेतलं मला," त्या म्हणाल्या. "बाई विचारत होत्या, तुमच्याकडे एवढं स्वच्छ कसं दिसतं? सांगितलं त्यांना, आमच्या घरातच एक्स्चेंज आहे म्हणून."

सोमवारी इंजिनीअर आला. झाकण बसवलं, कुलूप घातलं, आणि दुसरा राउटर बघायचाय म्हणून घरात आला. पॅसेजमध्ये वाकून त्याने तपकिरी तार बघितली. सांधा बघितला. धागे मोजले.

"काका, ही तर टेलिफोनची तार आहे," तो म्हणाला. "यावर नेट चालूच शकत नाही."

"असं?" डायलटोनराव स्टुलावरून उठले आणि त्यांनी मागच्या खोलीचं दार किंचित उघडलं. आत मावशी खिडकीच्या उजेडात लाल लोकर वर धरून होत्या आणि पडद्यावर कितीतरी बायका तसंच लाल लोकर वर धरून दाखवत होत्या.

"मग आत जा," डायलटोनराव म्हणाले, "आणि त्यांना सांगा."

इंजिनीअरने आत पाहिलं. मावशींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने दार हळूच ओढून घेतलं.